दिव्यांग विद्यार्थी कक्ष चालवताना

ठाण्यातल्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. दर जूनमध्ये कमिट्यांचं वाटप होतं. एका वर्षी त्या यादीत माझ्या नावापुढे दिव्यांग विद्यार्थी कक्षाच्या समन्वयकाचं काम आलं. आधीचे सर निवृत्त झाले होते. त्यांनी एक फाइल, एका कपाटाची किल्ली आणि रॅम्पचे फोटो माझ्या हवाली केले. फोटो नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, काढलेले होते. नॅकच्या मूल्यांकनात यासाठी वेगळा निकष आहे. रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, फलक, संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, परीक्षेत विद्यार्थ्याच्या वतीने लिहिणारा लेखनिक, सगळं त्यात विचारतात. त्यामुळे फाइल भरलेली होती. कपाटाशेजारी एक व्हीलचेअरही होती, प्लॅस्टिकचं वेष्टण तसंच असलेली.

विद्यार्थ्यांची यादी मात्र कुठेच नव्हती. कोणाला काय लागतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कार्यालयाकडे मागितली तेव्हा राखीव जागांवर आलेल्या मोजक्या मुलांची नावं मिळाली. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव असतात, त्या 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असणाऱ्यांसाठी. पण 1995च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, नव्यात 21 आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, स्वमग्नता, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) हे सगळं त्यात येतं. शेकडो मुलांच्या कॉलेजात अशी मुलं नसतील हे शक्यच नव्हतं. ती होतीच, फक्त फॉर्मवरचा तो रकाना कोरा सोडत होती.

का सोडतात, हे पालकांशी बोलल्यावर कळलं. कोणाला वाटतं, मुलीच्या लग्नात अडचण येईल. कोणाला वाटतं, प्रवेशच नाकारतील. पुष्कळांना शाळेत आलेला अनुभव पुरेसा असतो. ‘दिव्यांग आहात का? असल्यास टक्केवारी’ हा प्रश्न फॉर्मवर राहू दिला, कारण शासनाला ती माहिती द्यावी लागते. त्याच्या खाली एक वेगळा प्रश्न घालायला लावला: ‘वर्गात बसताना, वाचताना, ऐकताना, लिहिताना, जिने चढताना किंवा परीक्षा देताना तुम्हाला काही सोय लागते का?’ शिवाय पहिल्या वर्षाच्या स्वागताच्या कार्यक्रमात पाच मिनिटं मागून घेतली. त्यात एवढंच सांगितलं, की दाखला असो नसो, आधी येऊन बोला. जे सांगाल ते माझ्यापाशी राहील.

मग मुलं येऊ लागली. बहुतेक जण एकटी यायची, स्टाफरूममध्ये कोणी नाही असं बघून. एका मुलीला थॅलेसेमिया होता. तिला दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवायला हॉस्पिटलात जावं लागायचं. 75 टक्के हजेरीच्या नियमात ती दर सत्राला अडकायची आणि दर सत्राला तिचे वडील कामावर रजा टाकून कार्यालयात विनवण्या करायला यायचे. यात विनवण्यांचं काय काम? रक्त चढवण्याच्या तारखा हॉस्पिटलच्या कार्डावर असतातच. त्या कार्डाची प्रत दर महिन्याला हजेरी समितीकडे जाईल आणि ते दिवस वगळून हजेरी मोजली जाईल, असं प्राचार्यांच्या सहीचं पत्र काढलं. वडिलांना पुन्हा यावं लागलं नाही.

या पत्रामुळे काम कसं चालवायचं ते मला दिसलं. आमच्या कॉलेजात कोणी वाईट नव्हतं. मदत करणारे पुष्कळ होते. पण मदत कोणाच्या स्वभावावर अवलंबून होती. अमुक सर असले की पेपरला वेळ वाढवून मिळायचा, ते रजेवर असले की नाही. लिफ्टवाले मामा ओळखीचे असले की लिफ्ट, नवीन आले की जिना. प्रत्येक विषयाच्या प्रत्येक शिक्षकापुढे मुलाने आपलं दुखणं नव्याने उलगडायचं, आणि पुढच्या सत्रात पुन्हा तेच. म्हणून मी एका पानाचं सुविधापत्र सुरू केलं. विद्यार्थ्याने एकदाच कक्षात येऊन सांगायचं, कागद दाखवायचे. मग जुलै संपायच्या आत प्राचार्यांच्या सहीने प्रत्येक विषयशिक्षकाला पत्र जातं. पत्रात आजाराचं नाव नसतं, फक्त सोय असते: पहिल्या बाकावर जागा, नोट्स आधी देणे, तोंडी परीक्षेऐवजी लेखी, चाचणीला जादा वेळ. निदान शिक्षकांना कळायची गरज नाही. काहींना हे रुचलं नाही. ‘आम्हाला माहीत असलं तर आम्ही जास्त समजून घेऊ’ असं ते म्हणायचे. भावना चांगली होती, पण कोणाला काय सांगायचं हे त्या मुलाने ठरवायचं, या मुद्द्यावर मी हलले नाही.

अध्ययन अक्षमतेच्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. दहावी-बारावीला बोर्डाच्या सवलती घेऊन ती येतात. आईच्या हातात जाडजूड फाइल असते, शाळेपासूनचे सगळे कागद लावलेले. तिला वाटतं, आता एवढं दाखवलं की झालं. पण 2018च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हा दाखला मूल 8 वर्षांचं झाल्यावर देतात, पुढे 14व्या आणि 18व्या वर्षी पुन्हा तपासणी होते, आणि 18नंतरचा दाखला कायमचा धरतात. म्हणजे नेमकं पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला मुलाचा जुना दाखला संपतो. सायनच्या रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी या चाचण्या होतात. बुद्ध्यांक, वाचन, लेखन, गणित अशा टप्प्यांनी तपासणी चालते, एका भेटीत आटोपत नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेच्या तोंडावर धावपळ सुरू केली तर दाखला हातात येत नाही. म्हणून माझ्या वहीत या मुलांच्या वाढदिवसांची यादी आहे. अठरावा वाढदिवस जवळ आला की मी आधीच घरी फोन करते. दाखला यायला उशीर होत असेल तर रुग्णालयाच्या तारखेची पावती धरून तात्पुरती सोय द्यायची, हेही आता ठरलेलं आहे.

सगळ्यात जास्त जीव गुंततो तो परीक्षेत. केंद्र सरकारच्या 29 ऑगस्ट 2018च्या सूचनांप्रमाणे दर तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ द्यायची आहे. दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटं. लेखनिक घेतला नाही तरी ही वेळ मिळते. पूर्ण अंध, दोन्ही हात निकामी असलेले आणि सेरेब्रल पाल्सी असलेले विद्यार्थी लेखनिक मागतील तर द्यायचाच. बाकीच्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांचा लिहिता येत नसल्याचा दाखला आणायचा.

कागदावर एवढं साधं दिसतं. पण वर्गात ही 40 मिनिटं कुठे बसवायची? सकाळचा पेपर संपून दुपारच्या पेपरची बैठक व्यवस्था लावायची असते. ज्या खोलीत हे विद्यार्थी बसलेले असतात तिथे पुढच्या ब्लॉकचे सीट नंबर चिकटवायला मामा येऊन उभे राहतात. पर्यवेक्षकांची जेवणाची वेळ झालेली असते. कोणी मोठ्याने बोलत नाही, पण घड्याळाकडे बघतात, आणि ते त्या मुलाला कळतं. अंध मुलालाही कळतं, खुर्ची सरकल्याच्या आवाजावरून. मग घाईघाईत शेवटचा प्रश्न सोडून ‘झालं सर’ म्हणून मुलगा उठतो. त्याच्या हक्काची वेळ गेली आणि तक्रार करायलाही काही उरलं नाही. उपाय सोपा होता: तळमजल्यावरची एक खोली परीक्षेच्या पूर्ण काळासाठी फक्त याच कामाला ठेवायची, दुपारच्या सत्रात तिथे दुसरा ब्लॉक लावायचा नाही, आणि जादा वेळेसाठी पर्यवेक्षक बदलायचा, म्हणजे येणारा माणूस जेवून आलेला असतो. खोलीच्या दारावर सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ लिहिलेली असते. परीक्षा समितीला हे पटायला एक पूर्ण सत्र गेलं.

40 टक्क्यांच्या आतल्या मुलांसाठी भांडावं लागलं. एका मुलाच्या उजव्या हाताला अपघातानंतर जोर नव्हता. दोन पानं लिहून झाली की बोटं आखडायची. दाखल्यावरची टक्केवारी 40च्या खाली, म्हणून नियमात बसत नाही, असं समितीचं म्हणणं. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात निकाल दिला आहे. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला 40 टक्क्यांची अट लावून लेखनिक नाकारता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 रोजी केंद्राने अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचनाही काढल्या. मी दोन्हींच्या प्रती काढून समितीच्या बैठकीत ठेवल्या. कायद्याची भाषा रूक्ष असते, पण कार्यालयात तीच चालते. कळवळून सांगितलेलं माणसं ऐकून घेतात आणि विसरतात. जावक क्रमांक पडलेलं पत्र कोणी विसरत नाही.

लेखनिकाला मुलं रायटर म्हणतात. विद्यार्थ्याने स्वतः आणलेला रायटर एक पायरी खालच्या इयत्तेचा हवा, अशी 2018च्या सूचनांत अट होती. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला दुसऱ्या वर्षाचा रायटर चालायचा, पण दुसऱ्या वर्षाचे पेपरही त्याच आठवड्यात असायचे. मग अकरावी-बारावीची मुलं शोधायची. आता राष्ट्रीय सेवा योजनेशी हे काम जोडून घेतलंय. स्वयंसेवकांना वर्षाला 120 तास काम करायचं असतं, त्यात रायटरचे तास धरले जातात. पण नुसतं चांगलं अक्षर असून भागत नाही. प्रश्नपत्रिका कशी वाचायची, हे शिकवावं लागतं: आधी एकूण प्रश्न किती, त्यांतले किती सोडवायचे, कशाला किती गुण, मग एकेक प्रश्न. उत्तरात चूक दिसली तरी दुरुस्त करायची नाही. विद्यार्थी थांबला तर ‘पुढे?’ म्हणून टोचायचं नाही. शब्द कळला नाही तर विचारायचं, अंदाजाने लिहायचं नाही.

एकदा मी त्या खोलीत फेरी मारायला गेले होते. तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, जन्मापासून अंध, अर्थशास्त्राचा पेपर देत होती. रायटर बारावीची, वाणिज्य शाखेची. प्रश्न आकृतीचा होता. विद्यार्थिनी सांगत होती, “ओवाय अक्षावर किंमत, ओएक्सवर नगसंख्या. आता मागणी वक्र डावीकडून वरून सुरू कर, उजवीकडे खाली आण. पुरवठा उलट, खालून वर. जिथे कापतील तिथे ई लिही. ई पासून खाली टिंबांची रेघ, डावीकडेही टिंबांची रेघ.” रायटर पट्टी लावून काढत होती. मग विद्यार्थिनी म्हणाली, “आता पुरवठा वक्र उजवीकडे सरकव, नवीन छेदबिंदू ई-एक. तो पहिल्यापेक्षा खाली आलाय ना बघ.” आकृती तिच्या डोक्यात पूर्ण तयार होती. वर्षभर आम्ही थर्माकोलच्या शीटवर टाचण्या लावून रबरबँड ताणून वक्र बनवायचो. ती बोट फिरवून समतोलाचा बिंदू शोधायची, वक्र सरकवून पुन्हा शोधायची. या प्रश्नाला दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पर्याय देऊन आकृती वगळा, अशी सूचना पूर्वी एका बैठकीत आली होती. तिने स्वतःच नको म्हणून सांगितलं होतं. आकृती वगळली तर अर्थशास्त्र अर्धं राहतं, हे मीही मानते.

दयेचे गुण हाही असाच एक प्रकार. ‘जाऊ दे, पाच-सहा मार्क जास्त देऊन टाकू’ असं प्रेमाने म्हणणारे शिक्षक भेटतात. मला त्याचा त्रास होतो. पेपर नीट वाचून मिळाला, वेळ पुरली, लिहिणारा हात मिळाला, तर मुलाचे गुण त्याचे आहेत, कमी असोत की जास्त. वरून घातलेल्या गुणांनी त्याच्या खऱ्या गुणांवरही लोक शंका घेतात.

अभ्यास साहित्याकडे वळले तेव्हा एक वेगळीच भिंत दिसली. अंध मुलं संगणकावर एनव्हीडीए वापरतात. हा स्क्रीन रीडर फुकट आहे. तो मराठीही वाचतो. तरी एक मुलगा मला म्हणाला, “मॅडम, तुमच्या विभागाच्या नोट्स बोलतच नाहीत.” मी त्याचा इअरफोन कानाला लावून ऐकलं. मराठी पानावर कर्सर होता आणि आवाज इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, पुन्हा अक्षरं असं काहीतरी सलग बडबडत होता. नोट्स श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. डोळ्यांना तिथे सुंदर देवनागरी दिसते, पण फाइलच्या पोटात साठलेली असतात वेगळीच चिन्हं. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो. बाकीच्या नोट्स म्हणजे पुस्तकाच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो, पीडीएफ करून ग्रुपवर टाकलेले. त्यावर तर तो गप्पच बसायचा.

त्यानंतर मी विभागाविभागांत जाऊन तो आवाज शिक्षकांना ऐकवला. भाषण केलं नाही. दोन मिनिटं आपल्याच नोट्स त्या आवाजात ऐकल्या की माणूस युनिकोडवर येतो, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येणाऱ्या टायपिंगवर. जुन्या फाइली रूपांतरित करायला संगणक विभागाची मुलं लागली. जोडाक्षरं फुटतात, रफार चुकीच्या अक्षरावर बसतो, तेव्हा हाताने तपासावं लागतं, आणि हे काम अजून संपलेलं नाही. पुस्तकांबद्दल ग्रंथपालांना स्वामित्व हक्काची चिंता होती. 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये तरतूद आली आहे. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी ते सुगम स्वरूपात करायला परवानगी लागत नाही, नफा कमवायचा नसला म्हणजे झालं. ती तरतूद छापून ग्रंथालयात लावली. सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातूनही पुस्तकं मिळतात, पण मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची मराठी क्रमिक पुस्तकं तिथे मिळण्याची आशा धरून बसता येत नाही. ती आपणच स्कॅन करून, तपासून तयार करायची.

इमारतीबद्दल थोडक्यात सांगते. रॅम्पचा उतार 1:12 हवा, म्हणजे 30 सेंटीमीटर चढायला 3.6 मीटर लांबी. मी टेप लावून मोजलं, आमचा रॅम्प निम्माही नव्हता. फोटोत तो छान दिसायचा. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलाला तिथे दोघांनी ढकलावं लागायचं. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची किमान मानकं बंधनकारक असली पाहिजेत असं सांगितलं, त्याचा आधार घेऊन नवा रॅम्प मंजूर झाला. पण बांधकाम निधीची वाट पाहत बसण्यापेक्षा वेळापत्रक बदलणं स्वस्त पडतं. ज्या तुकडीत असा विद्यार्थी आहे तिचे तास तळमजल्यावर आणले. खोल्या वाटप करणाऱ्या सरांना मे महिन्यातच यादी मिळाली की अडचण येत नाही. ऑगस्टमध्ये मिळाली की सगळं कॉलेज हलवल्यासारखं होतं.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीत आम्ही अजून कमी पडतो, हे स्पष्ट लिहायला हवं. सांकेतिक भाषेचा दुभाषी रोजच्या तासांना मिळणं कठीण आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेकडून मार्गदर्शन मिळालं. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, पीपीटी आदल्या दिवशी द्या, वर्गातल्या एका चांगल्या विद्यार्थ्याच्या नोट्सची प्रत रोज मिळेल असं करा, मोबाइलवर बोललेलं लिहून दाखवणारं ॲप चालू ठेवा. एवढं चालतं. पण वर्गात चर्चा पेटली, चार जण एकदम बोलू लागले, की ही मुलं चर्चेबाहेर पडतात. विनोदावर सगळे हसून झाल्यावर ती आजूबाजूला बघतात. हे मला फार लागतं.

कॉलेजच्या फाटकाबाहेर आमचं पत्र चालत नाही. मुलं बदलापूर, डोंबिवली, कळवा, ऐरोलीहून येतात. लोकलचा दिव्यांगांचा डबा कुठे थांबणार हे फलाटावरच्या बीपवरून ओळखायचं, त्या डब्यात घुसलेल्या धडधाकट माणसांतून वाट काढायची, ठाणे स्टेशनच्या पुलावरून उतरायचं, मग बस किंवा शेअर रिक्षा. सकाळी साडेसातच्या चाचणीसाठी एका मुलीला पहाटे घरून निघावं लागायचं, सोबत आई. दोघींची झोप, आईचा डबा, सगळं त्या चाचणीभोवती. अंतर्गत चाचण्या दहाच्या आधी ठेवायच्या नाहीत, असं सुविधापत्रात लिहायला सुरुवात केली. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तर चाचणी पुन्हा घ्यायची, त्यासाठी अर्ज लागणार नाही, हेही त्यात आहे.

आता परीक्षा विभागातल्या एक मॅडम रायटरची यादी, खोली, वेळा सगळं स्वतः बघतात. मागच्या परीक्षेत मी घरच्या आजारपणामुळे रजेवर होते, तेव्हा मला एकही फोन आला नाही. कक्षाच्या बैठकीत दोन विद्यार्थी प्रतिनिधी बसतात. विषयपत्रिका तेच काढतात आणि मी विचारही केला नव्हता असे मुद्दे आणतात. जिमखान्याच्या कॅरम स्पर्धेची सूचना फक्त फलकावर का, व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून का नाही? वार्षिक स्नेहसंमेलनाचं स्टेज चढायचं कसं?

सध्या डोक्यात ओजेटी आहे. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण अभ्यासक्रमाचा भाग झालंय. बाकीची मुलं वागळे इस्टेट, ऐरोली, महापेच्या कंपन्यांत जातील. आमच्या मुलांसाठी मी कंपन्यांना फोन करते तेव्हा आधी इमारतीबद्दल विचारते: गेटपासून लिफ्टपर्यंत पायरी आहे का, त्याच मजल्यावर चाकाची खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह आहे का, संगणकावर एनव्हीडीए टाकायची परवानगी मिळेल का. बऱ्याच ठिकाणी फोन घेणाऱ्याला हे माहीत नसतं, तो बघून सांगतो म्हणतो, आणि काही जण खरंच बघून सांगतात. दोन मुलांची सोय अजून व्हायची आहे: एक चाकाची खुर्ची वापरणारा, हिशेबात पक्का, टॅली येणारा, दुसरी अंध, मराठी-इंग्रजी टायपिंग आणि फोनवरचं बोलणं उत्तम. ठाणे ते वाशी पट्ट्यात कोणाच्या ऑफिसात वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील, तर ठाण्यातल्या कोणत्याही कॉलेजच्या अशा कक्षाला कळवा. आम्ही एकमेकांना निरोप देतो.